मुलीकडे बुलेटवर जायचंय, पण घरात कुणीच 'हो' म्हणत नाही

पत्राचा गोषवारा : नाशिक जिल्ह्यातल्या एका ६१ वर्षांच्या वाचकांनी लिहिलंय. एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य घालवून ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एकुलती एक मुलगी २९ वर्षांची, पाच वर्षांपासून बेंगळुरूला नोकरी करते. त्यांच्याकडे १९९६ सालची बुलेट आहे, पत्रात ते तिला 'आमची' बुलेट म्हणतात. 'याच गाडीवर तिला शाळेत, क्लासला, बारावीच्या परीक्षेला सोडलं.' येत्या डिसेंबरात ते एकटेच या बुलेटवरून नाशिकहून बेंगळुरूला जाणार आहेत. मुलीला आधी सांगायचं नाही, थेट दारात जाऊन हॉर्न वाजवायचा, असा बेत आहे. गेल्या वर्षी त्यांनी विषय काढला तेव्हा मुलगी म्हणाली, 'बाबा, काहीतरीच काय! मी विमानाचं तिकीट काढते.' पत्नीनं 'या वयात शोभतं का हे?' म्हणून अबोला धरलाय. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, पण 'त्रास असा काही नाही'. ते लिहितात, 'फोनवर दोन मिनिटं झाली की ती म्हणते, आईला द्या ना. समोर गेलो तर बोलणं होईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर जाण्यालायक केल्या, मी स्वतः कुठे गेलोच नाही. आता नाही तर कधी? घरच्यांना कसं समजावू?'

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नमस्कार काका,

'घरच्यांना कसं समजावू' असं तुम्ही विचारलंय. म्हणजे तुमच्या बाजूनं निर्णय झालाय, फक्त सह्या राहिल्यात. हरकत नाही. पण सही करणाऱ्याला कागद वाचून पाहायचा हक्क असतो, तेव्हा आधी तो कागद आपण दोघं मिळून वाचू.

वयाचा मुद्दा आधी मिटवते. एकसष्टाव्या वर्षी मोटारसायकल चालवू नये असं कायदा म्हणत नाही. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, एवढंच. 'शोभतं का' या प्रश्नाला तर मी किंमतच देणार नाही. याच वयाची माणसं आळंदीहून पंढरपूरला पायी जातात, नर्मदेच्या परिक्रमेला निघतात, तेव्हा गावोगावचे लोक त्यांच्या पाया पडतात. देवाच्या भेटीला जे चालतं ते लेकीच्या भेटीला का चालू नये?

मला खटकलं ते दुसरंच. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या एकच असल्यासारख्या तुम्ही लिहिल्यात. हजारेक किलोमीटर बुलेट चालवायची आहे, ही पहिली. ही हौस बहुधा मुलीच्या जन्माआधीपासूनची आहे. दुसरी, मुलीशी बोलायचंय. प्रवास तुमचा आहे. त्यात डॉक्टरचं ऐकावं लागेल, तुमच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं, ऐकावं लागेल, पण मुलीची परवानगी काढायची गरज नाही. भेट मात्र दोघांची. तिच्या घरी कधी यायचं, किती दिवस राहायचं, हे तिला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. तुम्ही नेमकं उलटं केलंत. प्रवासाची परवानगी तिच्याकडे मागितलीत, ती मिळाली नाही म्हणून रुसलात, आणि भेट मात्र तिला न विचारता ठरवून टाकलीत.

म्हणून पहिली सूचना : न सांगता जाऊ नका. यात मी जराही घासाघीस करणार नाही.

का, ते सांगते. पाच वर्षं आपल्या पैशावर, आपल्या हिमतीवर परगावी राहणारी मुलगी आहे ती. त्या रविवारी ती घरात असेलच असं नाही. मैत्रिणींबरोबर कूर्गला गेली असेल, ऑफिसनं हैदराबादला पाठवलं असेल. घरात अजून कोण राहतं, कोण येतं-जातं, हे तुम्हाला किती माहीत आहे ते मी विचारत नाही, तुम्हीच स्वतःला विचारा. दार उघडण्याआधी तिला घर आवरायला वेळ मिळायला हवा, आणि आवरण्यात केर काढण्यापलीकडचंही बरंच काही येतं. शिवाय वहिनींचा विचार केलात का? चार दिवस मुलीचा फोन येणार, 'बाबा कुठे आहेत?', आणि वहिनी म्हणणार 'झोपलेत', 'बाजारात गेलेत', 'अंघोळीला गेलेत'. मनाविरुद्धच्या प्रवासासाठी वर खोटंही बोलायला लावणार त्यांना? आणि समजा सगळं सुरळीत होऊन तुम्ही दारात हॉर्न वाजवलात, तर ती आधी घाबरेल, मग रागावेल. आनंदाचा नंबर तिसरा लागेल.

आता तिच्या 'तिकीट काढते'बद्दल. तुम्हाला ते झिडकारल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. बाबांसाठी काहीतरी करावं असं तिच्या मनात आहे, आणि करण्यासारखं तिच्या हातात आज पैसे आहेत, म्हणून तिनं ते पुढे केले. तुम्ही गाडी पुढे केलीत, तिनं तिकीट. दोघांनीही 'तुला भेटायचंय' हे चार शब्दांत सांगायचं टाळलंत.

'आईला द्या ना' हे काही तिनं एका दिवसात शिकलेलं नसणार. आपल्याकडे कित्येक घरांत बाप फोन उचलतो, 'कशी आहेस, जेवलीस का' विचारतो आणि 'थांब, आईला देतो' म्हणून मोकळा होतो. तुमच्या घरी सुरुवात कुणी केली, जरा आठवून पाहा. दोष द्यायला म्हणून सांगत नाही. तिला बुलेटवर सोडायला जायचात तेव्हाही तुम्ही पुढे, ती मागे, इंजिनाचा आवाज. बोलायची सोयच नव्हती आणि गरजही नव्हती. तुमची जवळीक तशीच वाढली, न बोलता, काहीतरी एकत्र करताना. मग आता चार दिवसांच्या प्रवासानं अंग आंबलेलं असताना तिच्या सोफ्यावर समोरासमोर बसलात की बोलणं आपोआप सुरू होईल, असं का वाटतं तुम्हाला? होणार नाही. ती चहा करेल, तुम्ही टीव्ही लावाल, आणि सोमवारी ती कामाला लागेल.

त्यापेक्षा तिथे गेल्यावर हाताला काम काढा. तिच्याकडे स्कूटर असेल तर ती दोघं मिळून उघडा. नसेल तर घरातला गळणारा नळ, कुरकुरणारं दार, काहीतरी सापडेलच. तुमच्यासारखी माणसं पाना हातात असताना बोलतात. नजर कामावर असली की शब्द सुचतात.

पण खरं बोलणं बेंगळुरूला पोहोचण्याआधीच सुरू होऊ शकतं, आजपासून. तुम्ही घरच्यांना समजावायला निघालात. मी म्हणते, समजावू नका, कामाला लावा. मुलीला विचारा की दावणगेरेला लोण्यातला डोसा कुठे खायचा? चित्रदुर्गला राहायला चांगलं लॉज शोधून देशील का? 'पाणी', 'किती पैसे', 'पंक्चरवाला कुठे आहे' हे कानडीत कसं म्हणतात? पाच वर्षांत तिला एवढं येत असणारच. तुम्हाला माहीत नाही आणि तिला माहीत आहे असं काहीतरी तुम्ही तिला विचारताय, हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा घडेल. दोन मिनिटांचा फोन वीस मिनिटांचा होईल. तिच्या मनातल्या भीतीही मग नीट बाहेर येतील, आणि नावानिशी भीती कळली की तिच्यावर काही करता येतं. 'काहीतरीच काय' यावर काय करणार?

वहिनींकडे वळते. तुमच्या पत्रात त्या फक्त नाही म्हणायला येतात. एका ओळीत येतात आणि जातात. मुलगी त्यांचीही आहे. तुम्ही 'आमची' बुलेट असं लिहिलंय, पण मुलीला भेटायला 'मी' चाललोय. त्यांच्या अबोल्यामागे काळजी आहेच, पण 'मला घरी ठेवून हे निघाले' हेही असू शकेल. विचारलंत का? माझा अंदाज चुकीचाही असेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

सोय अवघड नाही. मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस थेट बेंगळुरूला जाते. वहिनींना बहिणीबरोबर, भाचीबरोबर तिचं तिकीट काढून द्या, म्हणजे तुम्ही पोहोचाल त्याच्या आदल्या दिवशी त्या लेकीकडे असतील. तुमची वाट पाहणारी दोन माणसं एका घरात असली की काळजीही वाटली जाते. त्यांनी मागे बसून सगळा प्रवास करावा असं मात्र मी सुचवणार नाही. त्यांनी स्वतः म्हटलं तर सापुताऱ्यापर्यंत एक रविवार फिरवून आणा, हेल्मेट त्यांच्याही डोक्यावर हवं. बघा अबोला सुटतो का.

आता डॉक्टर. 'त्रास असा काही नाही' हे वाक्य तुमच्या पिढीतल्या पुरुषांचं राष्ट्रगीत आहे. डॉक्टरकडे जाऊन 'जरा बाहेरगावी जाणार आहे' असं मोघम सांगू नका. स्पष्ट सांगा : दिवसाला सहा-सात तास मोटारसायकल, सलग चार दिवस, एकटा. हृदयाची तपासणी करायची का, ते त्यांना ठरवू द्या. साखरेची गोळी कोणती आहे ते नाव घेऊन विचारा. एकटी मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका कमी असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल तर जेवण लांबलं की साखर झपकन उतरू शकते. घरात घाम फुटला, हात थरथरले तर माणूस साखर खाऊन बसतो. साठच्या वेगात तेवढी फुरसत मिळत नाही. म्हणून नाश्ता-जेवणाच्या वेळा घड्याळावर, खिशात ग्लुकोजची पुडी, पिशवीत साखर मोजायचं यंत्र. स्वतःच्या मनानं गोळी बंद किंवा कमी करायची नाही.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. साठीतले पुरुष प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण मग सारखं थांबावं लागतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यात वाऱ्यानं अंग सुकतं, आणि दुपारी डोकं जड होतं ते ऊन लागल्यामुळेच असं नाही. दर तासाला थांबा. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, कुठेही. लाज वाटू देऊ नका. डोळेही तपासून घ्या, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या गाडीच्या दिव्यानं काही क्षण काहीच दिसत नाही.

डॉक्टर 'नको' म्हणाले तर नको. 'हो' म्हणणारा डॉक्टर शोधत फिरायचं नाही. मग तुम्ही दोघं रेल्वेनं जा, आणि तिथे तिच्या स्कूटरवर तिच्या मागे बसा. नंदी हिल्स शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. गाडी ती चालवेल. त्यातही एक गंमत आहे, जरी तुम्हाला आत्ता ती पटणार नाही.

डॉक्टर 'हो' म्हणाले तरी लगेच बेंगळुरूला निघू नका. आधी छत्रपती संभाजीनगरला येवला-वैजापूरमार्गे जा, रात्री मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी परत या. पहिल्या दिवशी उत्साहात सगळेच चालवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटं, कंबर आणि मान काय म्हणतात ते ऐका. परत गाडीवर बसवत नसेल तर बेत बदला. (समृद्धी महामार्गाचा मोह धरू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तीच बंदी, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गावरही. मुलीला घेऊन म्हैसूरला जायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.)

गाडीबद्दल एसटीच्या मेकॅनिकला मी काय शिकवणार! क्लचची, ॲक्सिलरेटरची जादा केबल, प्लग, पॉइंट, ट्यूब, चेनलॉक हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. दोनच गोष्टी बोलते. तुमच्या बुलेटला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आजच्या गाड्या तुमच्यापुढे ज्या अंतरात थांबतात त्या अंतरात तुम्ही थांबणार नाही, तेव्हा साठच्या वर जाऊ नका आणि पुढच्या वाहनाला दुप्पट जागा द्या. दुसरी गोष्ट अशी की घरचे म्हणतील, जायचंच तर पुतण्याची नवी एबीएसवाली (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची) गाडी न्या. कानांना शहाणपणाचं वाटतं. पण तुमच्या गाडीला गिअर उजवीकडे आणि मागचा ब्रेक डावीकडे आहे, नव्या गाडीला बरोबर उलटं. एरवी तुम्ही ती चालवाल. पण कुत्रं आडवं आलं की जवळजवळ तीस वर्षांची सवय पायाला चुकीच्या बाजूला नेईल. नवी गाडी घ्यायचीच तर आधी दोन-तीन महिने रोज तीच चालवा, दुसरी नको.

कागदपत्रं. १५ वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीची तारीख आजच बघा. नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली नसेल तर बसवून घ्या. विमा आणि पीयूसी प्रवासाच्या मधे संपत नाही ना, पाहा. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का तेही बघा, आणि परवाना चालू नसेल तर तो कामी येत नाही हे विसरू नका. हेल्मेट आयएसआय छापाचं, पूर्ण चेहरा झाकणारं. जुनं असेल तर नवं घ्या, किंवा मुलीलाच घेऊ द्या. तिला काहीतरी द्यायचंच आहे ना.

रस्ता मला माहितीचा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. नाशिक ते बेंगळुरू साधारण १०५० किलोमीटर. तरुण पोरं दोन दिवसांत जातात आणि त्याचे फोटो टाकतात. तुम्ही चार दिवस घ्या, सातारा, बेळगाव, चित्रदुर्ग असे तीन मुक्काम.

गुरुवारी उजाडल्यावर निघा. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव इथपर्यंत मजा आहे. पुढे चाकणची कोंडी, मग पुण्याचा बाह्यवळण रस्ता. सगळ्या प्रवासातला कंटाळवाणा आणि कटकटीचा तुकडा हाच, आणि तो पहिल्याच दिवशी येतो. पुण्याला पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले तर तिथेच कुणा नातेवाइकाकडे थांबा, साताऱ्याचा हट्ट नको. सातारा साधारण ३२० किलोमीटर पडतं, चार दिवसांतला सगळ्यात लांब टप्पा.

शुक्रवार हलका आहे, सातारा ते बेळगाव २३० च्या आसपास. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम बरीच वर्षं चाललंय, जागोजाग रस्ता वळवलेला, खालीवर झालेला. आणि डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस. संध्याकाळी साडेपाचनंतर तो ऊस आणि रस्ता एकाच रंगाचे होतात. तुमच्या बुलेटचा दिवा त्या वेळी काही कामाचा नाही. या एका कारणासाठी नियम करा की साडेचार वाजता गाडी स्टँडवर. अजून तीसच किलोमीटर राहिलेत, हा मोह रोज होईल. रोज नाही म्हणा.

निपाणी-बेळगावपर्यंत मराठीवर भागतं. बेळगावात संध्याकाळ मोकळी मिळेल, लेकीसाठी कुंदा घ्या. साताऱ्याचे कंदी पेढे आदल्या दिवशी घेतले असतीलच. (तुम्ही चाखू नका असं सांगून काही उपयोग नाही, पण प्रमाणात.)

शनिवारी बेळगाव ते चित्रदुर्ग, तीनशेच्या आसपास. धारवाड-हुबळीचा बाह्यवळण रस्ता अपघातांसाठी बदनाम आहे. बाकी महामार्ग मोठा आणि हा तुकडा कित्येक वर्षं अरुंद, समोरासमोरच्या वाहतुकीचा. रुंदीकरणामुळे आज कुठे काय चालू असेल ते हुबळीच्या अलीकडे पंपावर विचारून घ्या, आणि तिथे कुणालाही ओव्हरटेक करू नका. पुढे हावेरी, राणेबेन्नूर, दावणगेरे. चित्रदुर्ग जवळ आलं की डोंगरांवर पवनचक्क्या दिसतील. त्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आडवा वारा असतो, मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना गाडीला एकदम ढकलतो. वेग कमी, हातांची पकड सैल, ट्रकच्या बाजूला रेंगाळायचं नाही.

आणि आता माझ्या मनातली खरी योजना. शनिवारी मुलीला सुट्टी असते. बेंगळुरूहून चित्रदुर्ग दोनशे किलोमीटर, बसनं चारेक तासांचं. ती शनिवारी चित्रदुर्गला येऊन थांबली तर? सात तटांचा किल्ला आहे, पहारेकऱ्याची बायको ओबव्वा शत्रूला अडवायला मुसळ घेऊन जिथे उभी राहिली ती खिंड आहे. रविवारी सकाळी किल्ला बघा, आणि मग शेवटचा टप्पा हिरियूर, सिरा, तुमकूर असा तिला मागे बसवून. ती तयार असेल तर, तिचं हेल्मेट तिनं आणलं असेल तर. नाही म्हणाली तर ती बसनं, तुम्ही बुलेटवर, संध्याकाळच्या आत घरी. मुद्दा असा की तिच्या दारात तुम्ही जाण्यापेक्षा अर्ध्या वाटेत दोघं भेटलात तर तुमच्या प्रवासात तिचाही वाटा येईल. हे तिला सुचवा, लादू नका.

संपर्काचं. व्हॉट्सॲपवर आठ तासांपर्यंत लोकेशन पाठवता येतं, पण तसं करू नका असं मी सांगेन. मुलगी दिवसभर ऑफिसात तो ठिपका बघत बसेल, आणि रेंज गेली की तिच्या पोटात गोळा. त्याऐवजी तीन वेळा ठरवा : सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळी लॉजवर. त्या वेळी फोन तुम्ही करायचा, आणि संध्याकाळचा फोन आईला न देता दहा मिनिटं स्वतः बोलायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, इतर कशालाही ११२. खिशात एक कागद ठेवा, त्यावर रक्तगट, गोळ्यांची नावं आणि दोन फोन नंबर. मोबाइल लॉक असतो, कागद नसतो.

वाटेत बुलेट सोडायची वाटही आधीच ठरवून ठेवा. बेळगावला पोहोचल्यावर अंग साथ देत नाही असं वाटलं तर गाडी रेल्वे पार्सलनं पाठवता येते. टाकी रिकामी करायची, गाडी पोत्यात बांधून घ्यायची, आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यायची, आणि स्वतः बसनं पुढे जायचं. कमीपणा मानायचं कारण नाही, ब्रेकडाउन झालेली गाडी डेपोत ओढून आणण्यात तुम्ही कधी मानला नसेल.

परतीचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. जाताना डोळ्यांपुढे मुलगी असते, येताना तसं काही नसतं आणि थकवा दुप्पट असतो. येताना पुण्याच्या अलीकडे नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार लागतो, जिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेत. जुन्या ड्रम ब्रेकवर तो उतार मी तुम्हाला सुचवणार नाही. येताना वहिनींबरोबर रेल्वेनं या, गाडी पार्सलनं. मनमाडला ती उतरवता येईल का हे पार्सल ऑफिसात आधी विचारून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, डिसेंबरात गर्दी असते.

अशा घरांतली मुलं-मुलीही हे वाचत असतील. कुणाची आई स्कूटरवर पंढरपूरला निघाली असेल, कुणाचे वडील लडाखचं नाव घेत असतील. पहिलं उत्तर तिकिटाचं देऊ नका. 'कुठल्या रस्त्यानं जाणार?' असं विचारा. त्या एका प्रश्नावरून पुढचा माणूस तयारीनं बोलतोय की नुसत्या गप्पा मारतोय, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. तयारी असेल तर हेल्मेट घेऊन द्या, नसेल तर तयारीच्या कामाला लावा. रस्ता, डॉक्टर, गाडी, मुक्काम यातलं काहीच ठरलेलं नसेल तेव्हा 'नको' म्हणा, आणि कारण सांगून म्हणा.

काका, आज संध्याकाळी फोन तुम्ही लावा. वहिनींच्या फोनवरून नको, तुमच्या. बुलेटचं नाव काढू नका. डिसेंबरात कोणता शनिवार-रविवार मोकळा आहे, आई आणि मी यायचं म्हणतोय, एवढंच विचारा आणि ती सांगेल ती तारीख कॅलेंडरवर लिहा. बुलेटचं दुसऱ्या फोनला, आणि तेव्हा सुरुवात चित्रदुर्गच्या लॉजपासून करा.